बुंदीच्या मानेतला नंबर

डॉक्टर, नमस्कार.

आम्ही मूळचे नाशिकचे. सहा वर्षांपासून जर्मनीत, स्टुटगार्टजवळ राहतो. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि गेली तीन वर्षं तिचा एकच धोशा होता, कुत्रा हवा. इथले ब्रीडर वर्षभर थांबा म्हणतात आणि किंमतही परवडत नाही. मग ऑनलाइन जाहिरातीत माल्टीजचं पिल्लू दिसलं. चिप आहे, सगळ्या लसी झाल्यात, युरोपियन पासपोर्ट आहे, ९०० युरो. बाई फोनवर फार आपुलकीने बोलली. आधी घरी या म्हणाली. निघायच्या दिवशी सकाळी मात्र म्हणाली, मीच तुमच्या बाजूला येतेय, हायवेवरच्या पेट्रोल पंपाच्या पार्किंगमध्ये भेटू. पांढरी व्हॅन होती. मागचं दार बंद होतं, पण आतून अजून पिल्लांचे आवाज येत होते. पैसे रोख दिले. पासपोर्टमधलं मालकाचं पान कोरं होतं, तिथे तिने माझ्या नवऱ्याला नाव लिहून सही करायला लावली. कोणी विचारलंच तर ‘आम्हीच तिकडे जाऊन आमचा कुत्रा घेऊन आलो’ असं सांगा, म्हणजे पुढे त्रास नाही, असंही म्हणाली.

पिल्लाचं नाव आम्ही बुंदी ठेवलं. तिसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले, दोन दिवस सलाईन लावावं लागलं. आता बरी आहे. पण इथल्या डॉक्टरीणबाईंनी तिचे दात बघितले, पासपोर्ट उघडला आणि गप्पच झाल्या. पासपोर्टप्रमाणे ती १७ आठवड्यांची आहे, त्या म्हणतात जास्तीत जास्त १० आठवड्यांची असेल. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय कार्यालयात, म्हणजे व्हेटेरिनेअरआम्टमध्ये, कळवायला हवं असं त्यांचं म्हणणं. नवरा म्हणतो, आपण परदेशी माणसं, आपला व्हिसा, वर माझी सही; गप्प राहू, महिन्याभरात ती वयात बसेल, मग लस देऊ. सासूबाई फोनवर म्हणाल्या, मुकं जनावर दारात आलंय, आता सरकारच्या ताब्यात देणार का? मुलगी टोपलीशेजारी गादी टाकून झोपते. बुंदी खेळताना चावरी आहे, दोनदा मुलीच्या हाताला रक्त आलं. दिवाळीला तिला नाशिकला न्यायचा बेत होता. काय करू? तोंडाचा आणि पासपोर्टचा फोटो सोबत पाठवतेय.

(नाव छापू नये)

———

ताई, नमस्कार.

तुमच्या प्रश्नाला हात घालण्याआधी मुलीच्या हाताबद्दल. तुम्ही ते पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय, पण माझी नजर तिथेच अडकली. दुधाचे दात सुईसारखे असतात, खेळताना ते लागतातच, आणि एरवी मी ‘जखम धुऊन औषध लावा’ एवढंच म्हटलं असतं. इथे तेवढ्यावर सोडता येत नाही, कारण बुंदीची रेबीजची लस खरी आहे की नाही हे आज कोणालाच ठाऊक नाही. आजच मुलीच्या डॉक्टरांना फोन करा. पिल्लू दुसऱ्या देशातून आलंय, लसीचे कागद संशयास्पद आहेत, दाताने रक्त आलंय, हे तिन्ही स्पष्ट सांगा. मुलीला लस द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. पुन्हा दात लागला तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं, आणि पंधरा म्हणजे घड्याळ लावून पंधरा.

धोका कमी आहे, हे मलाही मान्य आहे. पण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि लस वेळेवर घेतली तर रेबीज टळतो. ‘बहुतेक काही नसेल’ यावर मी माझ्या नातीला ठेवणार नाही, तुमच्या मुलीलाही नाही. जर्मनी २००८ पासून रेबीजमुक्त आहे, त्यामुळे शेजारपाजारच्यांना ही काळजी जरा जास्तीची वाटेल. पण २०२१ साली ब्रेमेनमध्ये एका पिल्लाला रेबीज निघाला, ते तुर्कस्तानातून बेकायदा आणलेलं होतं. २०१२ मध्ये नेदरलँड्समध्येही असंच झालं, ते पिल्लू मोरोक्कोहून आलं होतं. मग त्या पिल्लांना कोणी उचललं, कोणी कुरवाळलं, कोणाला चाटलं, अशी एकेक माणसं शोधत बसावं लागलं.

आता तुमचा प्रश्न. कळवायचं का? हो. आणि यजमानांच्या सहीसकट सगळं कळवायचं.

तुमच्या डॉक्टरीणबाई उगाच संशय घेत नाहीयेत, हे आधी यजमानांना पटायला हवं. पिल्लाला दुधाचे दात साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येतात. साडेतीन-चार महिन्यांचं झालं की पुढचे हलायला लागतात, पडतात, आणि हिरडीतून कायमचा रुंद दात डोकावतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत बुंदीचे पुढचे सगळे दात तांदळाच्या कणीएवढे आहेत, दाटीवाटीने बसलेले, एकही हललेला नाही. छोट्या जातीत दात उशिरा पडतात आणि नुसत्या दातांवरून आठवड्यापर्यंत वय कोणी छातीठोक सांगू शकत नाही. तरी वजन, गोल पोट, चालताना मागच्या पायांचं डुगडुगणं, हे सगळं एकत्र बघितलं की सात आठवड्यांचा फरक मुरलेल्या डॉक्टरच्या नजरेतून सुटत नाही.

आता पासपोर्टमधल्या तारखा मांडून बघा. त्यात रेबीजची लस पाच आठवड्यांपूर्वी दिल्याची नोंद आहे. बुंदी आज खरंच दहा आठवड्यांची असेल, तर त्या दिवशी ती पाच आठवड्यांची होती. युरोपात रेबीजची लस बारा आठवड्यांच्या आत ग्राह्य धरत नाहीत. म्हणजे एक तर ती दिलीच नाही, नाही तर दिली ती जमेला धरता येत नाही. अजून एक: लसीच्या बाटलीवरचं लेबल पासपोर्टमध्ये चिकटवल्यावर त्यावर पारदर्शक पट्टी बसवायची असते, कोणी ते काढून बदलू नये म्हणून. २०१४ च्या अखेरीपासूनच्या नव्या पासपोर्टांना हा नियमच आहे. तुमच्या फोटोत लेबलचा कोपरा वर आलाय आणि त्यावर पट्टी नाही.

हे सात आठवडे का चोरले जातात, ते सांगतो. सगळा धंदा त्यांच्यातच आहे. युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात कुत्रा न्यायचा तर आधी चिप, मग बाराव्या आठवड्यानंतर रेबीजची लस, मग ती लागू पडायला एकवीस दिवस. म्हणजे पिल्लू पंधरा आठवड्यांचं झाल्याशिवाय जर्मनीत येऊ शकत नाही. पंधरा आठवड्यांचं माल्टीज लांबट पायांचं, अंगात वारं भरलेलं, शाळकरी पोरासारखं दिसतं. लोकांना मात्र कापसाचा गोळा हवा असतो. शिवाय तोवर त्याला खायला घालायचं, जंतांचं औषध द्यायचं, ते आजारी पडलं तर डॉक्टर. त्यापेक्षा पाच-सहा आठवड्यांतच आईपासून तोडायचं, कागदावर वय वाढवायचं आणि रातोरात गाडीत घालायचं. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती त्याच सुमाराला ओसरत असते, स्वतःची अजून तयार झालेली नसते. गाडीत एकावर एक पिंजरे, त्यात चार ठिकाणची पिल्लं एकत्र. बुंदीचे जुलाब तिथूनच आले असणार. सलाईनवर ती निभावली. त्या गाडीतली सगळी निभावली असतील, असं मला वाटत नाही.

आणि जाहिरातीत बुंदीचे किती फोटो होते ते आठवा. तिच्या आईचा एक तरी होता का? पिल्लू घ्यायला गेलं की आई बघायची, तिला बघितल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत, हे मी माझ्या दवाखान्यात वर्षानुवर्षं कानी-कपाळी ओरडतोय. जी आई दाखवत नाहीत ती दाखवण्यासारखी नसते. दर माजाला भरवलेली, सड लोंबलेले, दात गेलेले, अंगावर केस नाहीत, अशी कुत्री मी टेबलावर घेतली आहे. मी हात पुढे केला तर ती चावायलाही उठली नाही, नुसती सपाट झाली. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू ज्याने वाढवलं त्यानेच विकायचं, मधला व्यापारी नको, असा कायदा आहे. तो ज्या लूसी नावाच्या कुत्रीच्या नावाने ओळखला जातो, तीही वेल्समधल्या अशाच एका पैदास-कारखान्यातून सोडवलेली होती.

आता सहीचं बघू. ती तुम्हाला किरकोळ वाटली, पण मला त्या सगळ्या व्यवहारात तीच सगळ्यात मुरलेली चलाखी वाटते. युरोपच्या नियमांत दोन वेगळे रस्ते आहेत. मालक स्वतःच्या कुत्र्याला घेऊन प्रवास करतो तेव्हा पासपोर्ट, चिप, लस एवढं पुरतं आणि पाच प्राण्यांपर्यंत फारसं कोणी विचारत नाही. विक्रीसाठी प्राणी नेला, मग तो एकच का असेना, की रस्ता बदलतो. प्राणी नोंदणीकृत ठिकाणाहून निघायला हवा, निघण्याआधी सरकारी पशुवैद्याने तपासून आरोग्य दाखला द्यायला हवा आणि त्या प्रवासाची नोंद ट्रेसेस नावाच्या युरोपभरच्या संगणक यंत्रणेत व्हायला हवी. कुठून निघाला, कुठे उतरणार, हे दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना दिसतं. ही नोंद टाळायची असेल तर सोपी युक्ती म्हणजे विक्रीच्या पिल्लाला ‘मालकाचा लाडका कुत्रा’ करून टाकायचं. त्यासाठी मालकाचं पान कोरं ठेवतात आणि गिऱ्हाइकाकडून पार्किंगमध्ये भरून घेतात. तुमच्या यजमानांनी ती सही केली त्या क्षणी त्या बाईचं नाव बुंदीच्या कहाणीतून पुसलं गेलं.

त्यांना अपराधी वाटत असेल तर वाटू दे, पण घाबरून तोच खोटा मजकूर पुढे रेटू नका. तुम्ही सीमेपलीकडे गेला नाहीत, पिल्लू आणलं नाहीत. तुम्ही एका दिवशी, घाईत, मुलीच्या चेहऱ्याकडे बघून सही केलीत. ते आपणहून जाऊन सांगणं वेगळं आणि उद्या चौकशीत उघडं पडणं वेगळं. ‘आम्हीच तिकडून आणला’ हे वाक्य मात्र तोंडातून काढू नका. ते म्हटलंत तर जे तुम्ही केलं नाही त्याचीही जबाबदारी तुमच्या गळ्यात येईल. मी वकील नाही. व्हिसाची धास्ती असेल तर तिथल्या वकिलाकडून अर्ध्या तासाचा सल्ला घ्या, पण त्यात आठवडा घालवू नका. आणि डॉक्टर बदलून दुसऱ्याकडे कोरी पाटी घेऊन जाण्याचा विचार मनात आला असेल, तर तोही सोडा. ज्या बाईने दात बघून खरं सांगितलं, ती तुमच्या बाजूची आहे.

कळवल्यावर काय होईल? गोड बोलून मी तुम्हाला अंधारात ठेवणार नाही. नियमात तीन वाटा आहेत. प्राणी जिथून आला तिथे परत पाठवणं, नियमात बसेपर्यंत देखरेखीखाली वेगळा ठेवणं, आणि पहिल्या दोन्ही शक्यच नसतील तर शेवटचा उपाय म्हणून दयामरण. हे तिसरं वाचून तुमच्या पोटात गोळा येईल, म्हणूनच ‘शेवटचा उपाय’ हे शब्द नियमातलेच आहेत हे लक्षात ठेवा. तुमच्यासारख्या प्रकरणात साधारणपणे दुसरी वाट निघते. बुंदी बारा आठवड्यांची झाली की खरी लस, मग एकवीस दिवस. आज दहा धरले तर पाचेक आठवडे. ते ती तुमच्या घरात काढेल की प्राणी-निवाऱ्यात, हे तिथला अधिकारी ठरवेल, आणि निवाऱ्यात ठेवली तर खर्च तुमच्यावर येऊ शकतो. घरी ठेवू द्या अशी विनंती जरूर करा. वेगळी खोली आहे का, लहान मूल आहे का, दुसरे कुत्रे भेटतात का, हे ते विचारतील. मुलगी शेजारी झोपते हेही सांगा. ते थांबवावं लागेल, आज रात्रीपासूनच थांबवा. गादी दाराबाहेर हलवली तरी बुंदीला तिचा आवाज येईल.

यजमान म्हणतात गप्प बसू, वयात बसली की लस देऊ. बुंदीपुरतं बघितलं तर हिशोब चुकीचा नाही. पण त्या व्हॅनमध्ये बुंदी एकटी नव्हती.

पुण्यातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे मानेतल्या त्या नंबरचं मोल कळेल. एक कुटुंब ‘इम्पोर्टेड’ म्हणून घेतलेलं फ्रेंच बुलडॉगचं पिल्लू घेऊन माझ्याकडे आलं. जाड, चकचकीत कागदावरचं प्रमाणपत्र, परदेशी शिक्के, त्यावर पंधरा आकडी चिप नंबर. मी स्कॅनर मानेच्या डाव्या बाजूने फिरवला. मग उजव्या. मग खांद्यांवरून, पाठीवरून, पार शेपटीपर्यंत. आवाज नाही. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा म्हणाला, काका, सेल गेले असतील. मी स्कॅनर आमच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरच्या मानेवर धरला, तो लगेच बीप वाजला आणि पडद्यावर आकडे उमटले. मुलगा पिल्लाकडे बघत राहिला. त्याच्या वडिलांनी कागद घडी करून खिशात घातला आणि विकणाऱ्याचं नावही मला सांगितलं नाही. लाज वाटली असेल. पण तो माग तिथेच संपला.

आपल्याकडे केंद्र सरकारने एप्रिल २०१६ मध्ये पैदाशीसाठी आणि विक्रीसाठी परदेशातून कुत्रे आणायला बंदी घातली होती. ‘इम्पोर्टेड पिल्लू, कागदांसकट’ अशी जाहिरात महाराष्ट्रात कोणी दाखवली, तर ते पिल्लू खरंच इम्पोर्टेड आहे का आणि कागद खरे आहेत का, हे आधी तपासा. २०१७ च्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नसतं. नोंदणीचा दाखला मागा. विचारणारी माणसं फार थोडी भेटतात.

बुंदीच्या मानेत मात्र चिप आहे, आणि तुमच्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे. चिपमध्ये ना तुमचं नाव असतं ना पत्ता, आणि ती कुठे आहे हे उपग्रहावरूनही दिसत नाही. तांदळाच्या दाण्याएवढ्या काचेच्या नळीत एक नंबर असतो, बस. पहिले तीन आकडे बघा. ते देशाचे असतील तर जर्मनीचे २७६, हंगेरीचे ३४८, रोमानियाचे ६४२, भारताचे ३५६. नऊने सुरू होत असतील तर ते चिप बनवणाऱ्या कंपनीचे. तुम्ही पाठवलेल्या पासपोर्टच्या फोटोतला नंबर ६४२ ने सुरू होतो आणि पासपोर्टही रोमानियाचाच आहे. (तिथेही मनापासून पैदास करणारे चांगले लोक आहेत, एका व्हॅनवरून अख्ख्या देशाला नावं ठेवू नयेत.) जर्मन कार्यालय रोमानियातल्या कार्यालयाला विचारू शकतं: ही चिप कोणाच्या नावावर गेली, हा पासपोर्ट कोणत्या डॉक्टरने दिला, त्याच डॉक्टरने त्या आठवड्यात अजून किती दिले. त्या एका नंबरावरून दहा घरं सापडू शकतात. त्या घरांतही कोणाच्या तरी मुलाच्या हाताला रक्त आलं असेल आणि तिथल्या आईबापांना दातांबद्दल कोणी सांगितलं नसेल.

हे सगळं इतकं अडखळत का चालतं, असं तुम्हाला वाटेल. प्रत्येक देशाची चिपची नोंदवही वेगळी. काही ठिकाणी सरकारी, काही ठिकाणी खासगी. जर्मनीत तर देशभर सक्तीची नोंदणीच नाही, टॅसो आणि फिंडेफिक्स या नोंदवह्यांत लोक आपल्या मर्जीने नाव घालतात. सीमेवर प्रत्येक गाडी उघडून बघत नाहीत, आणि युरोपियन कमिशनच्याच आकड्यांप्रमाणे युरोपातला कुत्र्या-मांजरांचा एकूण व्यापार वर्षाला १३० कोटी युरोंचा आहे. दहातले सहा मालक ऑनलाइन प्राणी घेतात. ७ डिसेंबर २०२३ ला कमिशनने कुत्र्या-मांजरांचा माग ठेवण्यासाठी सगळ्या युरोपला लागू होईल असा पहिला कायदा मांडला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपियन पार्लमेंट आणि सदस्य देशांचं त्यावर जमलं. प्रत्येक कुत्र्याला आणि मांजराला चिप, प्रत्येक चिपची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद, आणि या नोंदवह्या एकमेकींशी जोडलेल्या. युरोपबाहेरून ‘माझा पाळीव’ म्हणून येणाऱ्या प्राण्याचीही आगाऊ नोंद, म्हणजे कोऱ्या पानाची चलाखी निदान तिथे तरी अवघड होईल. मला हे मनापासून हवं होतं. पण विकणाऱ्यांना त्यात चार वर्षांची मुदत आहे, घरच्या कुत्र्यांसाठी दहा आणि मांजरांसाठी पंधरा. पंधरा वर्षं म्हणजे एका मांजराचं अख्खं आयुष्य. महागड्या जातींच्या मांजरांचा व्यापारही याच वाटेने चालतो आणि त्यांच्याकडे कुत्र्यांइतकंही कोणाचं लक्ष नसतं. एवढी मोठी मुदत देणं मला पटलेलं नाही.

दिवाळीचा बेत यंदा सोडा. पासपोर्टच संशयात असताना तिला विमानात बसवू नका. पुढच्या एखाद्या वर्षी न्यायचं म्हटलं तर दोन्ही टोकांचं आधी बघायचं. भारतात उतरताना मुंबईच्या प्राणी क्वारंटाइन कार्यालयाचं ना हरकत पत्र लागतं. ते हातात येण्याआधी निघू नका. परतीचं टोक लोक विसरतात. रेबीजच्या बाबतीत युरोप भारताला सुरक्षित देशांच्या यादीत धरत नाही. म्हणून निघण्याआधी जर्मनीतच, लसीला तीस दिवस झाल्यावर, रक्त तपासून घ्यायचं आणि प्रतिपिंडं (अँटीबॉडी) मिलिलिटरला ०.५ युनिट किंवा त्याहून जास्त आल्याची नोंद पासपोर्टमध्ये करून घ्यायची. ते न करता नाशिकला नेलंत तर रक्त भारतात काढून तपासायला द्यावं लागेल आणि त्यानंतर तीन महिने तिला परत नेता येणार नाही. अमेरिकेतल्या वाचकांनो, तुमच्याकडे ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांच्या आतला कुत्रा देशात घेतच नाहीत, आणि भारतातून यायचं असेल तर नियम अजून कडक आहेत. तिकिटाआधी ते वाचा.

सासूबाईंना सांगा, मुकं जनावर सरकारच्या ताब्यात ‘देऊन टाकायचं’ असा हा प्रकार नाही. तिला तिचं खरं वय आणि खरी लस मिळवून द्यायची आहे. निवाऱ्यात जावं लागलंच तर मुलीचा न धुतलेला टी-शर्ट तिच्यासोबत द्या. पिल्लं वासावर झोपतात. आणि पाच आठवड्यांनी ती घरी आली की त्याच दिवशी टॅसोवर तिचा नंबर तुमच्या नावावर नोंदवा, फुकट होतं.

उद्या सकाळी फोन करण्याआधी जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, ती कधीही गायब होईल. त्या बाईशी झालेले मेसेज पुसू नका, तिला फोन करून भांडूही नका. पार्किंगची जागा, तारीख, वेळ, व्हॅनच्या नंबरप्लेटचं जे काही आठवतंय ते कागदावर लिहा, मुलीलाही विचारा. मुलांच्या लक्षात भलत्याच गोष्टी राहतात. जर्मन अडखळत असेल तर डॉक्टरीणबाईंना शेजारी बसवून फोन करा. आणि बुंदीच्या आधी व्हॅनबद्दल सांगा. बुंदी कुठे आहे ते आपल्याला माहीत आहे. त्या बंद दाराआडची बाकीची कुठे उतरली, ते अजून कोणालाच माहीत नाही.